आल्ट, शिफ्ट आणि एक चिठ्ठी

मंडळी, तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही म्हणून दोन फोन आले आणि नागपूरच्या वन्संनी तर सरळ "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. तब्येत ठणठणीत आहे. बिघडली होती ती माझी बोटं. म्हणजे बोटंही ठीकच होती, पण ज्या बटणांवर ती पडायची ती बटणं त्यांना ओळख देईनात.

झालं असं की माझ्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. तिला आता सुरक्षेचे नवे तुकडे मिळणार नाहीत, असं भाच्याने सांगितलं आणि एका रविवारी येऊन त्याने सगळं पुसून नवीन घातली. "मावशी, तुझं सगळं लिखाण जागेवर आहे, घाबरू नकोस," म्हणाला, दोन थालीपीठं खाल्ली आणि गेला. लिखाण खरंच जागेवर होतं. सोमवारी सकाळी चहा घेऊन बसले, नेहमीसारखं डावं आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं, आणि "मराठी" असं टंकलं. पडद्यावर उमटलं ते इंग्रजी सी, जे, ई, मग एक अवतरणचिन्ह, आणि आर.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग चिडून शिफ्ट, शिफ्ट, शिफ्ट करत राहिले, तेव्हा यंत्र एकदम पिकपिकलं आणि "स्टिकी कीज चालू करायच्या का?" असं विचारणारी एक चौकट उगवली. मी "नाही" म्हटलं. कारण कळलं नव्हतं. न कळलेल्या प्रश्नाला "नाही" म्हणायचं, हे पस्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर अंगवळणी पडतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तर आहे, दुसरं कुठलं तरी बटण शिकून घ्यायचं. बरोबर आहे. पण माझ्या पडद्याच्या खालच्या पट्टीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. निळ्या बॉलपेनने यांच्या अक्षरात तीन ओळी: "डावं आल्ट + शिफ्ट = मराठी. फोटोवर माउसचं उजवं बटण, मग कॉपी. चुकलं तर कंट्रोल झेड." २००८ च्या जूनमध्ये मी निवृत्त झाले, त्याच पावसाळ्यात हा ब्लॉग सुरू केला, तेव्हाची ती चिठ्ठी. यंत्रं दोन बदलली, चिठ्ठी मात्र सेलोटेपासकट एका पडद्यावरून दुसऱ्यावर आली. हे गेले २०२२ साली. चिठ्ठीतली पहिलीच ओळ खोटी ठरली, हे मला त्या सोमवारी अजिबात चाललं नाही.

तर तीन आठवडे मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ती ओळ परत खरी करण्याची खटपट. आणि दुसरी, इतिहासाची मास्तरीण असल्यामुळे, ही बटणं मुळात आली कुठून याचा शोध. दुसऱ्या कामात जास्त वेळ गेला हे कबूल करते.

शिफ्टपासून सुरुवात करू. हे सरकारी कचेरीत टंकलेखक होते. मराठी मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास, आणि प्रत्यक्षात वेग त्याहून बराच. ते सांगायचे की शिफ्ट या शब्दाचा अर्थ टाइपरायटरवर बसल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीचा ख्रिस्तोफर शोल्स हा वर्तमानपत्रवाला माणूस. त्याने सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं, आणि रेमिंग्टन या बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणलं. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरं होती. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात लहान अक्षरंही आली. प्रत्येक दांडीवर दोन अक्षरं, एकाखाली एक, आणि एक बटण दाबलं की कागदाचा अख्खा गाडा जागचा सरकायचा, म्हणजे दुसरं अक्षर कागदावर आदळायचं. सरकायचा म्हणून शिफ्ट. आज काहीही सरकत नाही, नाव तेवढं राहिलं.

(त्या कीबोर्डवरच्या अक्षरांचा क्रम इतका विचित्र का, यावर बरीच भांडणं आहेत. मी त्यात पडत नाही. पण मधली ओळ नीट बघा: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मुळाक्षरांचा क्रम मधले स्वर वगळून अजून तिथे पडून आहे, जुन्या वाड्याच्या जोत्यासारखा.)

आपल्याकडे १९५५ मध्ये गोदरेजने पूर्ण देशी बनावटीचा टाइपरायटर काढला, आणि पुढे कचेऱ्यांतून मराठी यंत्रं दिसू लागली. पण मराठीची अडचण अशी की लहान-मोठी लिपी नाही आणि अक्षरं मात्र ढीगभर. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. ती सगळी चाळीसपन्नास बटणांत बसवायची कशी? उत्तर मोठं हुशार होतं. ध, भ, श अशा अक्षरांना पूर्ण जागाच दिली नाही. फक्त अर्ध अक्षर ठेवलं. पूर्ण हवं असेल तर अर्ध्यापुढे काना मारायचा. म्हणजे "भात" लिहायचा तर अर्धा भ, एक काना भ पुरा करायला, दुसरा काना आकारासाठी, मग त. आणि पहिली वेलांटी? ती अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी टंकायची आणि मग अक्षर. "दिवस" म्हणजे वेलांटी, द, व, स. डोळ्याला जसं दिसतं तसं हाताने करायचं. याला रेमिंग्टन पद्धत म्हणतात, आणि हे त्यात इतके मुरलेले की किराणा मालाची यादी करतानाही वेलांटी आधी काढायचे. हातानेसुद्धा! मी वर्गात मुलांना "आधी अक्षर, मग वेलांटी" असं शिकवत होते आणि घरी हा प्रकार.

मग संगणक आले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी ठरवली, इन्स्क्रिप्ट. १९९१ मध्ये ती इस्की या संकेतप्रणालीसह भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणात आली. या कामाचं बीज कानपूरच्या आयआयटीत पडलं, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून, आणि पुढे ते पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. मला ही मांडणी पहिल्या दिवशीच आवडली, कारण ती बाराखडी शिकलेल्या माणसाने केलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. नुसतं दाबलं की मात्रा, शिफ्टसह दाबलं की पूर्ण स्वर. क वर शिफ्ट धरलं की ख, ग वर धरलं की घ, त वर थ, प वर फ. अल्पप्राण-महाप्राण! जे मी फळ्यावर तीसेक वर्षं समजावलं ते कुणीतरी बटणांत बसवून ठेवलं होतं. र वर शिफ्ट धरलं की "दुसऱ्या"तला आपला खास मराठी ऱ. आणि वेलांटी अक्षरानंतर, तोंडाने उच्चारतो त्या क्रमाने. शिवाय मल्याळम किंवा बंगाली लिहिणाऱ्याचा क माझ्या क च्याच बटणावर, कारण या लिप्या एकाच ब्राह्मीच्या नाती.

यांना मात्र ती भयंकर जड गेली. साठीच्या माणसाची चाळीस वर्षांची बोटं. पहिले दोन महिने प्रत्येक वेलांटी आधी पडायची आणि मागच्या अक्षराला जाऊन चिकटायची. "रविवार"चा "रिववार" व्हायचा. मी हसायचे. आज ते आठवून वाईट वाटतं, कारण त्या सोमवारी मी तेच भोगत होते आणि हसायला घरात कोणी नव्हतं.

त्या काळात बाकीचे मराठी ब्लॉगवाले बरहा किंवा गमभन वापरायचे, इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचे. जुने वाचक ओळखतील. मी इन्स्क्रिप्टलाच चिकटून राहिले, थोडी शिष्टपणानेच.

आता कंट्रोल. याचा जन्म टेलिप्रिंटरच्या जमान्यातला. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाची संकेतप्रणाली ठरली, त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे आणि पहिले बत्तीस क्रमांक अक्षरांसाठी नाहीतच, ते यंत्राला हुकूम देण्यासाठी आहेत. ओळ बदल, कागद सरकव, वगैरे. हे हुकूम बोटाने द्यायचे तर कंट्रोल धरून अक्षर दाबायचं, आणि त्या अक्षराचा इंग्रजी मुळाक्षरांतला नंबर तोच हुकमाचा नंबर. सातवा हुकूम घंटेचा. सातवं अक्षर जी. म्हणून कंट्रोल धरून जी दाबलं की दूरच्या गावातल्या यंत्रावर खरीखुरी घंटा वाजायची! हे वाचून मी इतकी खूश झाले की भाच्याला फोन करून सांगितलं. तो मीटिंगमध्ये होता.

हे सगळं हुकमाचं झालं. लिहिलेलं उचलून दुसरीकडे ठेवायची कल्पना वेगळीच, आणि तिची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटली. कॅलिफोर्नियात झेरॉक्सची पार्क नावाची संशोधनशाळा होती. तिथे लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी १९७४-७५ च्या सुमारास जिप्सी नावाचा लेखन-प्रोग्राम केला. कुणासाठी? बोस्टनजवळच्या जिन नावाच्या, झेरॉक्सच्याच मालकीच्या, शालेय पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेसाठी. म्हणजे पाठ्यपुस्तकांच्या संपादकांसाठी. हे संपादक हस्तलिखितं अक्षरशः कात्रीने कापून दुसऱ्या पानावर चिकटवत असत. टेस्लरने नव्याने कामाला लागलेल्या एका सेक्रेटरीला कोऱ्या पडद्यासमोर बसवून विचारलं की हातात दुरुस्त्या केलेला कागद आहे असं समज, तर तुला पडद्यावर काय करावंसं वाटेल? ती जे बोलली त्यावरून त्यांनी यंत्र घडवलं. आधीच्या यंत्रांत "आता मी लिहिणार", "आता मी खोडणार" अशी आधी वर्दी द्यावी लागे, आणि ती द्यायला विसरलं की भलतंच घडे. टेस्लरला या वर्दीचा आयुष्यभर तिटकारा. त्याने ती काढून टाकली. २०२० च्या फेब्रुवारीत तो वारला.

मी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर काढलेल्या आहेत. चौथा प्रश्न दुसरा करायचा म्हणजे नवी स्टेन्सिल, आणि एक अक्षर चुकलं तर नेलपॉलिशसारख्या वासाचं ते द्रव लावून फुंकर मारत बसायचं. त्यामुळे कात्री आणि गोंद यंत्रात घालणाऱ्या या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

झेड, एक्स, सी, व्ही ही बटणं मात्र पुढे अॅपलने १९८३ च्या लिसा संगणकात पक्की केली. चूक मागे घेणं, कापणं, उचलणं, चिकटवणं. चारही खालच्या ओळीत शेजारी शेजारी, डाव्या हाताच्या आवाक्यात, कारण उजवा हात माउसवर. मायक्रोसॉफ्टच्या जगात आधी आयबीएमचे वेगळे जोड होते, शिफ्ट आणि डिलीट, शिफ्ट आणि इन्सर्ट असे; ते मागे पडले. म्हणून चिठ्ठीतली तिसरी ओळ, कंट्रोल झेड, नव्या सिस्टिमवरही पहिल्या फटक्यात चालली. ते बघून थोडा धीर आला.

माउसचं थोडक्यात सांगते. डग्लस एंगलबार्टची कल्पना आणि बिल इंग्लिशचे हात, १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो जगाला दाखवला. उजव्या हातात माउस होता, हे सगळे सांगतात. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा, पेटीसारखा एक छोटा कीबोर्ड होता, आणि एका वेळी दोन-तीन पट्ट्या दाबून हुकूम द्यायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे माउस आणि हे जोडबटणांचे हुकूम एकाच टेबलावर शेजारी नांदत होते. पट्ट्या कुणाला शिकायच्या नव्हत्या, त्या गेल्या. माउस राहिला.

आता खटपटीकडे येते. पहिली शंका अशी की कीबोर्डच बिघडला. ती तपासायला पडद्यावरचा कीबोर्ड उघडला (खिडकीचं चित्र असलेलं बटण, कंट्रोल आणि ओ एकदम). खरं बटण दाबलं की पडद्यावरचं उजळतं. आल्ट उजळलं, शिफ्ट उजळलं. म्हणजे बोटांचा निरोप पोचत होता, त्याचा अर्थच पुसला गेला होता. मग खिडकी आणि स्पेस दाबून पाहिलं. हा भाषा बदलायचा नवा मार्ग, २०१२ च्या विंडोज ८ पासूनचा. एक यादी उघडली आणि त्यात दोन नव्हे, तीन नावं: भारतातलं इंग्रजी, अमेरिकेतलं इंग्रजी आणि मराठी. अमेरिकेतलं कुणी मागितलं होतं? ते सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकलं. नाहीतर दरवेळी बदलताना मधे अमेरिकेला वळसा पडला असता.

एवढ्यावर काम भागलं असतं. खिडकी आणि स्पेस चालत होतंच. भाचाही फोनवर म्हणाला, "मावशी, तेच वापर ना, सोपं आहे." मी म्हटलं, "चिठ्ठीत आल्ट-शिफ्ट लिहिलंय." तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "थांब, बघून सांगतो."

रस्ता असा आहे, कुणाला लागला तर घ्या: सेटिंग्ज, त्यात टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे खाली इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे टिचकी मारली की एकदम जुन्या थाटाची राखाडी चौकट उघडते, जशी वीस वर्षांपूर्वी असायची. वरचा सगळा रंगरंगोटीचा बंगला आणि आत तोच जुना जिना. तिथे माझ्या आल्ट-शिफ्टपुढे लिहिलं होतं "नॉट असाइन्ड", म्हणजे कुणाकडेच न सोपवलेलं. चेंज की सिक्वेन्स, डावं आल्ट आणि शिफ्ट, ओके, पुन्हा ओके. बाहेर आले, दाबलं, टंकलं. "मराठी."

त्या स्टिकी कीजचाही छडा लागला. शिफ्ट पाचदा दाबलं की ती चौकट येते. ज्यांना एकाच बोटाने टंकावं लागतं त्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी ती सोय: आधी शिफ्ट दाबून सोडा, मग अक्षर. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रेस सेंटरने अपंगांसाठी केलेल्या कामातून ती विंडोजमध्ये आली. (शोल्सचं मिलवॉकीही विस्कॉन्सिनमध्येच. शिफ्टची दोन्ही टोकं एकाच राज्यात!) पलीकडच्या इमारतीत माझ्या एका मैत्रिणीला अर्धांगवायूनंतर डावा हात उचलत नाही. तिला परवा जाऊन ही सोय लावून दिली. शिफ्ट दाबायचं, सोडायचं, मग क. ख उमटला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि मग सलग अर्धा तास मला विसरली.

राहिली दुसरी ओळ, फोटोवर उजवं बटण आणि कॉपी. नव्या सिस्टिममध्ये उजवं बटण दाबलं की छोटी यादी येते आणि कॉपी म्हणजे वरच्या ओळीतलं एक चित्र. दोन कागद एकावर एक. मी ते कितीतरी वेळ पाहिलं आणि तो कागदांचा गठ्ठा वाटला. जुनी लांब यादी हवी असेल तर शिफ्ट धरून उजवं बटण दाबायचं. हे बदलून पूर्ववत करायला यंत्राच्या पोटात फार खोल हात घालावा लागतो. भाचा नको म्हणाला आणि ते मलाही पटलं.

म्हणजे ती ओळ जशीच्या तशी खरी होणार नव्हती. दोन दिवस विचार केला. काल शेवटी पेन्सिल घेतली, निळ्या शाईची नाही, आणि दुसऱ्या ओळीच्या आधी बारीक अक्षरात "शिफ्ट धरून" एवढं लिहिलं. जागा कमी होती, त्यामुळे "धरून" थोडं सेलोटेपवर गेलंय आणि तिथे पेन्सिल नीट उमटत नाही.

ता.क.: वन्सं, तुमच्या नव्या यंत्रावर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात असं म्हणालात, ते शिफ्टचं प्रकरण नाही, फाँटचं आहे. रविवारी दुपारी फोन करते. यंत्र चालू करून बसा.